गाठोड्यांवर बसून पाहिलेलं भुयारी स्टेशन

आमच्या खानदानात दिल्लीच्या जमिनीखालच्या मेट्रो स्टेशनाचं वर्णन सगळ्यांत जास्त वेळा कोणी केलं असेल, तर ते मी. दिवाळीला केलं, पोळ्याला केलं, साळ्याच्या लग्नात पंगत बसेपर्यंत केलं. एकदा तर तेरवीच्या जेवणात केलं, आणि ज्यांची तेरवी होती त्यांच्या मुलानंच "मग पुढं?" असं विचारलं होतं.

सुरुवात ठरलेली होती. "तिथं जिन्यानं आपण उतरत नाही. जिनाच आपल्याले उतरवते." इथं मी थांबायचो. समोरचा "आँ?" करायचा. मग मी त्याला हळूहळू खाली न्यायचो. आधी तिकिटाचा मजला, तिथं कागदाचं तिकीट नाही, प्लास्टिकचा गोल बिल्ला. त्याच्याखाली फलाट. गाडीची दारं आपोआप उघडतात आणि आपोआप लागतात. आंधळ्या माणसाला पायानं कळावी म्हणून फरशीवर उठावाची पिवळी पट्टी. इथपर्यंत सगळं खरं होतं. पण दर वर्षी त्यात थोडी भर पडायची. पहिल्या वर्षी भिंती नुसत्या गुळगुळीत होत्या. दुसऱ्या वर्षी त्या संगमरवरी झाल्या. तिसऱ्या वर्षी फलाटाच्या टोकाला माशांची काचपेटी आली, आणि चौथ्या वर्षी मोगऱ्याची बाग.

माझे मोठेबाबा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, हे ऐकताना आगपेटीच्या काडीनं कान कोरत बसायचे. कोणी त्यांना विचारलं की, "तुमीबी गेलते ना दिल्लीले?" तर म्हणायचे, "गेलतो ना. पण यालेच ईचारा. यानं लय जवळून पाह्यलं."

लोकांना ती तारीफ वाटायची. ती काय होती ते मला आणि मोठेबाबांनाच माहीत होतं.

त्याचं असं झालं. कापसाचे भाव पडलेली ती वर्षं. आमच्याकडे तेव्हा दोन माणसं भेटली की रामराम नंतर, भाव आधी. माझं दारव्ह्यात स्टेशनरीचं आणि झेरॉक्सचं दुकान, पण गावाकडे थोडी जमीन, त्यात कापूस, म्हणून मीही त्या चर्चेत तज्ज्ञ. त्यातच दिल्लीला मोर्चा ठरला. प्रत्येकानं आपल्या वावरातला कापूस गाठोड्यात बांधून न्यायचा आणि तिथं दाखवायचा, असं ठरलं. आमच्या गावातून अकरा जण निघालो, अकरा गाठोडी घेऊन. मोर्चा झाला. कापूस दाखवला. पाहणारं कोणी आलं नाही, म्हणून आम्ही तो एकमेकांना दाखवला आणि पुन्हा बांधला.

परतीची गाडी संध्याकाळी होती. मधला वेळ कसा काढायचा, तर कोणी म्हणालं, इथं जमिनीखालून गाडी जाते, पाहून येऊ. गेलो. दारावरच्या शिपायानं गाठोड्यांकडे बोट केलं आणि मान हलवली. माणसं जातील, गाठोडी नाही.

"मंग कोण थांबते?" मोठेबाबांनी विचारलं.

"मी थांबतो," मी म्हणालो. "तुमी जा. तुमचं वय झालं, पुन्हा कधी येनं होते."

बाकीचे नऊ जण गहिवरले. एकानं माझा हात धरला. मोठेबाबा मात्र माझ्या तोंडाकडे पाहत राहिले, मग मी जिकडे पाहायचं टाळत होतो तिकडे पाहू लागले. तिकडे सरकता जिना होता. पायऱ्या जमिनीतून निघत होत्या, एकमेकींपासून सुटत होत्या आणि पुढं कुठेतरी खाली जाऊन गडप होत होत्या.

एक सांगायला हवं. मोठेबाबा आमच्या गावचे विहिरीत उतरणारे. कोणाच्या विहिरीतली मोटार बिघडली की त्यांना बोलावणं यायचं, आणि दोराला धरून ते असे उतरायचे की जणू ओसरीतून अंगणात जाताहेत. आणि मी त्याच घरातला असून आमच्या स्वतःच्या विहिरीत एकदाही उतरलेलो नाही. लहानपणापासून मी काठावर उभा राहून दोर धरतो. दोर धरायलाही माणूस लागतो, हे माझं जन्मभराचं म्हणणं.

तर ते दहा जण खाली गेले आणि मी अकरा गाठोडी रचून त्यांच्यावर बसलो. तासभर बसलो. दोन बायकांनी मला "रजाई भरते हो क्या, भैया?" असं विचारलं. एकीला मी नाही म्हणालो. दुसरीला नाही म्हणायला लाज वाटली, म्हणून "अभी कारीगर नीचे गया है" असं सांगितलं.

मग सगळे वर आले, एकाच वेळी बोलत. मोठेबाबा एवढंच म्हणाले, "वरून खोदलं, खाली खोली बांधली, वरून पुन्हा बुजवलं. मोठी विहीर होये बाप्पा, झाकन लावलेली." बाकीच्यांनी परतीच्या गाडीत रात्र आणि दिवस तेच सांगितलं. मी ऐकत होतो. वर्धा येईपर्यंत मी खाली जाऊन आलेलो होतो.

यात कोणाचं काही बिघडत नव्हतं. बिघडलं ते माझी मुलगी नववीत गेल्यावर.

शाळेत विज्ञान प्रदर्शन होतं. त्यातला एक नमुना निवडून यवतमाळला जिल्ह्याच्या प्रदर्शनाला जायचा होता. मुलीनं ठरवलं, जमिनीखालचं स्टेशन करायचं. दुसऱ्या कोणाच्या बापानं ते पाहिलेलं नव्हतं ना! आठवडाभर आमच्या ओसरीत थर्माकोल कापणं चाललं. खांब पऱ्हाटीचे. पऱ्हाटी म्हणजे कापसाचं वाळलेलं झाड, ते आमच्याकडे चुलीत घालायला ढिगानं असतं. पिवळी पट्टी माझ्या दुकानातल्या कागदाची. फलाटाच्या टोकाला प्लास्टिकच्या डबीत चांदीच्या कागदाचे पाच मासे. त्याच्या शेजारी बाग. मी खुर्चीवर बसून सूचना करत होतो. इतका मान मला घरात पूर्वी मिळाला नव्हता आणि नंतरही नाही.

विज्ञानाच्या बाईंनी नमुना पाहिला. त्यांचं म्हणणं मुलीनं घरी येऊन जसंच्या तसं सांगितलं. "दिसायला छान आहे, पण हे काही करून दाखवत नाही. आणि एवढ्या खाली बाग? ऊन कुठून येतं तिथे?" त्यावर मुलगी सगळ्या वर्गासमोर म्हणाली होती, "माझ्या बाबांनी स्वतः पाहिलंय." मग बाई म्हणाल्या, "छान. मग उद्या त्यांना घेऊन ये. मलाही विचारायचंय, तिथं हवा कशी पुरते."

हे सांगताना ती इतकी खुश होती की मला पाणी प्यावंसं वाटलं.

ती माझ्यासमोर वही उघडून बसली. "बाबा, सांगा. खाली हवा कुठून येते?"

"त्याचं असं आहे," मी म्हणालो, "की तिथं एसी असते. मोठी. आणि चारही बाजूंनी, म्हणजे असं, एक प्रकारे..."

ती लिहून घेत होती. "एक प्रकारे" हेसुद्धा तिनं लिहिलं. आजवर माझ्या गोष्टी लोकांनी ऐकल्या होत्या, त्यांना हसले होते, त्यांत भर घातली होती. लिहून कोणी घेतल्या नव्हत्या. पेन माझ्या तोंडाकडे पाहत थांबलेलं.

मोठेबाबा खाटेवरून म्हणाले, "लिहू नोको, पोरी. आधी बापाले पानी पाज."

मी पाणी प्यालो आणि सांगून टाकलं. जिना, गाठोडी, रजाईवाल्या बायका, वर्धा. सगळं. बायको आतून पोळी लाटता लाटता हसली. "मले लग्नापासून माहीत आहे. जे माणूस गच्चीच्या कठड्याजवळ जात नाही, ते पाताळात कायले जाते!"

मुलगी हसली नाही.

"मग मासे?" तिनं विचारलं.

"मासे मीच टाकले."

"बाग?"

"बागबी."

तिनं डबी उघडली. एकेक मासा काढला आणि माझ्यासमोर जमिनीवर ओळीनं ठेवला. पाच. मग म्हणाली, "मी सगळ्यांसमोर सांगितलं ना बाबा. तुम्ही खोटं नाही सांगत म्हणून."

मोठेबाबांनी कान कोरायची काडी खिशात ठेवली.

मग तिनंच विचारलं. "मग तुम्ही काय पाह्यलं? खरं खरं. वर बसून."

"काही नाही व. रस्ता पाह्यला. बाजूले भिंतीत एक लोखंडी जाळी होती, तिच्याजवळ बसलो होतो."

"कायची जाळी?"

मला पहिल्यांदाच त्या जाळीची आठवण आली. इतकी वर्षं मी ती गोष्टीत घेतलीच नव्हती, कारण ती वरची होती. "मोठी होती, दारावढी. ती मधूनमधून फुंकत होती. आधी तळपायाले बारीक गुणगुण लागे. मग जाळीतून हवा यायची, भपकन. एका गाठोड्याची गाठ सुटली होती, त्यातला कापूस उडे. असा, माणसाच्या छातीएवढा उंच. मग हवा बंद. थोड्या वेळानं पुन्हा तसंच. मी तर नंतर नंतर कापूस धरूनच बसत होतो. गुणगुण आली की हात ठेवायचा."

मुलीनं मोठेबाबांना विचारलं, "आबाजी, बोगद्यात गाडीच्या बाजूला किती जागा होती?"

"जागा कायची? गच्च होती. दोन्हीकून भिंत. अन् थांब, गाडी यायच्या आधी वारं सुटे तठी. मले वाटलं पानी येते का काय." ते एकदम उठून बसले. "अबे, हे तर पंपातल्या चामड्याच्या वायसरसारखं होय! वायसर पान्याले ढकलते, गाडी हवेले ढकलून राह्यली. अन् ते हवा याच्या बुडाखालून निघून राह्यली!"

"बुडाखालून नाही, बाजूनं," मी म्हणालो. कोणी लक्ष दिलं नाही.

ते चप्पल घालून बाहेर गेले आणि शेतातल्या पाइपाचा चार हात लांब तुकडा घेऊन आले. पुढचं काम त्या दोघांचं होतं. पाइप म्हणजे बोगदा. एक टोक बंद. वर एक भोक, त्यावर उभी नळी, नळीवर आमची चहाची गाळणी, ती जाळी. गाडी डब्याची केली, काठीनं ढकलायची. पहिल्यांदा ढकलली तर काहीच झालं नाही. "ढिली आहे," मोठेबाबा म्हणाले. डब्याभोवती कापूस गुंडाळला, वरून चिंधी. पुन्हा ढकलली. गाळणीवर ठेवलेला कापसाचा पुंजका वीतभर उडाला आणि माझ्या मिशीवर येऊन बसला. मी तो काढायचं धाडस केलं नाही. मुलीच्या तोंडावर थोडंसं हसू आलं होतं, ते माझ्याच्यानं मोडवत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेलो. बाई म्हणाल्या, "या, तुम्ही मेट्रो पाहिलीत ना?" चाळीस मुलं बघत होती. मी म्हणालो, "नाही बाई. मी वर बसलो होतो. मुलीनं सांगितलं ते खरं समजून सांगितलं, चूक माझी." मग मुलीनं काठी ढकलली. कापूस उडाला. बाईंनी तिला पुन्हा ढकलायला लावलं, मग स्वतः ढकलून पाहिलं. नमुना यवतमाळला गेला.

एसटीत पाइप आडवा मावेना. कंडक्टर म्हणाला, "भाऊ, हे मोटार बसवाले चालले का यवतमाळले?" त्याला वाटलं विहिरीचं काम आहे. मोठेबाबा म्हणाले, "तसंच समज." प्रदर्शनाच्या हॉलमध्ये पंख्यानं आमचा कापूस कोणी ढकलायच्या आधीच उडून जायचा, म्हणून मी पंखा बंद केला. शेजारच्या टेबलावर ज्वालामुखी होता, त्याचे वडील घामानं भिजून गेले आणि माझ्याशी बोलेनासे झाले.

परीक्षक आले. त्यांनी काठी ढकलली, चष्मा वर केला आणि मुलीला विचारलं, "हे कोणत्या पुस्तकात सापडलं?"

तेव्हा मला दिसलं. गाळणीच्या शेजारी, वरच्या रस्त्यावर, तिनं मातीचा एक माणूस ठेवला होता. पोट थोडं सुटलेलं, मिशा काळ्या दोऱ्याच्या. बोटाएवढ्या अकरा गाठोड्यांवर तो ऐटीत बसला होता.

"हे माझे बाबा," ती म्हणाली. "खाली जायला घाबरले म्हणून वर बसले होते. म्हणून त्यांना हे दिसलं. जे दहा जण खाली गेले, त्यांच्या ध्यानात नाही आलं."

त्या दहांतले एक माझ्या बाजूलाच उभे होते. त्यांना खोकला आला.

नंबर ज्वालामुखीचा आला. तो दरवर्षीच येतो. आमचा पाइप पुढे मोठेबाबांनी शेतात लावून टाकला आणि गाळणी चहाला परत मिळाली. मातीचा माणूस घरी टीव्हीवर ठेवलेला आहे, एक मिशी पडलेली.

आता माझी गोष्ट "मी वर बसलो होतो" अशी सुरू होते. लोकांना ती पहिल्यापेक्षा जास्त आवडते, याचं मला थोडं वाईटही वाटतं. मुलगी घरी असली तर ऐकायला बसते. ते पाच मासे तिच्या कंपासपेटीत असतात. परवा पाहुणे जेवत होते, मी रंगात आलो होतो आणि म्हणून गेलो, "कापूस असा उडाला, असा उडाला, की बाजूच्या कडुनिंबाच्या पार शेंड्याले लागला."

ती उठून गेली आणि येऊन माझ्या ताटाशेजारी एक मासा ठेवला.

"बरं," मी पाहुण्यांना म्हणालो, "छातीएवढा."