उपासाचं हलकं असतं

बॅग भरली की मला भीती वाटत नाही. ती रिकामी राहिली की वाटते.

ऑपरेशनमध्ये लहान आतड्याचं तोंड पोटावर, बेंबीच्या उजवीकडे काढलं आणि त्यावर बॅग चिकटवली. झाशीतल्या आमच्या घरात बी.ए. झालेली पहिली मी. वडील रेल्वेच्या कारखान्यात खलाशी, म्हणजे हेल्पर, होते, आईला वाचता येत नाही. हॉस्पिटलातून मिळालेला खाण्यापिण्याचा कागद मी वाचला आणि घडी करून उशीखाली ठेवला. "हलकं दे," एवढंच आईला सांगितलं. बाकीचं तिला काय कळणार, असं वाटलं. लिहायला लाज वाटते, पण वाटलं होतं खरं.

दीड महिना मऊ भात खाल्ला. मग एकादशी आली.

"आज उपासाचंच खा. त्याहून हलकं काय असतं?" आई म्हणाली. मानिक चौकातून नारळ आणून तिने साबुदाण्याची खिचडी केली. दाणे दाताखाली येत होते. दाणे आणि खोबरं, दोन्ही कागदावर ‘खाऊ नये’च्या यादीत होतं, मला पाठ होतं. तरी उपासाचं म्हणजे हलकं, हे माझ्याही हाडात बसलेलं. दोनदा वाढून घेतली.

तीन वाजले तरी बॅग सपाट. एरवी ती गुरगुरायची आणि मी लोकांसमोर खोकून आवाज झाकायचे. त्या दिवशी कान लावून बसले. आत कळा, बाहेर काही नाही.

"आलं का गं?" आई सारखी विचारत होती.

हॉस्पिटलात डॉक्टरांनी विचारलं, "क्या खाया था?"

"कुछ नहीं साहब," आई म्हणाली. "इसका तो आज व्रत था."

मीही मान डोलावली.

डॉक्टरांनी चष्मा काढला. "व्रत में क्या खाया, अम्माजी?"

सलाईन लावलं, तोंडाने सगळं बंद केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी हाताला बॅग भरलेली, गरम लागली. आईने भिंतीकडे तोंड फिरवून डोळे पुसले.

घरी आल्यावर तो कागद मी तिच्यासमोर मोठ्याने वाचला. दाण्यांची ओळ आली. गाळावीशी वाटली. वाचली.

"हे आधीपासून लिहिलेलं होतं?"

"हो."

ती दुधी किसत होती. किसणी थांबली नाही. "पुढचं वाच."

आता घरात दाणे येत नाहीत. तरी एकादशीला दुपारी कुठूनतरी दाणे भाजल्याचा वास येतो. मी पोटावर हात ठेवून बसते, आणि स्वयंपाकघरात आईच्या भांड्यांचा आवाज थांबतो.