चपला काढून आलेले चोर

भोर आणि वेल्हे या दोन तालुक्यांतल्या निम्म्या जोडप्यांची लग्नं माझ्या मामांमुळे तीन-तीनदा लागलेली आहेत. मामा लग्नाचे व्हिडिओ काढायचे. माझ्या आईचे हे विंझरचे चुलतभाऊ. सख्खे मामा मला नाहीत, त्यामुळे ती सगळी जागा यांनी एकट्यांनी व्यापली आहे. मंगळसूत्र बांधताना नवऱ्या मुलाचं कोपर मध्ये आलं की मामा भर मांडवात ओरडायचे, "हे न्हाई चालायचं. सोडा, पुन्यांदा बांधा!" मंगळसूत्र सोडा म्हटल्यावर मुलीच्या मावश्या हबकायच्या, भटजी मंत्र मागे घेऊन पुन्हा सुरू करायचे आणि मामा शांतपणे भिंग पुसत उभे राहायचे. पाठवणीच्या वेळी एक मुलगी आईच्या गळ्यात पडून मनापासून रडली. मामा तिच्याजवळ गेले आणि अगदी मायेनं म्हणाले, "झकास रडलीस पोरी. आता तेवढंच हिकडं तोंड करून." आणि ती रडली. मामांना नाही म्हणणं कुणालाच जमत नसे.

कॅमेरा समोर आला की तीन गोष्टी करायच्या, असा त्यांचा नियम होता: थांबायचं, बघायचं, हसायचं. वीस-पंचवीस वर्षं हा एकच धडा देऊन त्यांनी सगळं खोरं तयार केलं. बैलाला ओवाळणारी बाई ताट हातात धरून थांबायची आणि हसायची. पंगतीत घास तोंडाशी नेलेला माणूस घास तसाच धरून हसायचा. बिघडले ती एकटी मी. कॅमेऱ्याचा दिवा लांबून दिसला तरी मी खांबामागे जात असे. मामांच्या व्हिडिओंमध्ये मी कुठे आहे असं कुणी विचारलं, तर एक कोपर, एक वेणी आणि ओढणीची दोन-तीन टोकं एवढा माझा पत्ता लागेल. "साऱ्या मुलखाचं शूटिंग केलं," मामा आईला सांगायचे, "पण घरची भाची काय घावंना."

मग लग्नांत पुण्याहून ड्रोनवाले येऊ लागले, उरलेलं काम पाहुण्यांचे मोबाईल करू लागले, आणि मामांचा फोन वाजेनासा झाला. मामींच्या भावानं कामथडीच्या पुढे, हायवेलगतच्या एका कंपनीच्या गेटवर वॉचमनची जागा बघून ठेवली. मामी स्पष्ट बोलणाऱ्या. "जत्रा हुईपातूर काय करायचं ती हौस करून घ्या. त्यातनं काम आलं तर आलं. न्हाईतर गप टोपी घालायची आन् गेटवर उभं ऱ्हायचं." यावर मामांनी जाहीर केलं की ते पिक्चर काढणार. तीन भुरटे चोर पतपेढीवर दरोडा घालायचा बेत करतात, अशी विनोदी गोष्ट. जत्रेत पडद्यावर दाखवायची. एकदा लोकांनी आपली करामत बघितली की काम दाराशी चालत येईल, याची त्यांना खात्री होती. चोरच का, असं मी विचारलं तर म्हणाले, "प्रेमाच्या पिक्चरला हिरॉइन लागती. चोरांना काय लागतंय? तोंडाला फडकं."

फडकी मिळाली, तोंडं मिळेनात. गावात पुढे कधी काही चोरीला गेलं तर पहिलं नाव आपलंच निघणार, ही भीती सगळ्यांना. शेवटी एक टेम्पोवाला, एक सलूनवाला आणि एक दूधवाला असे तिघे तयार झाले, तेही तिघांच्या लग्नाचं शूटिंग मामांनी केलं होतं म्हणून. पतपेढीचे मॅनेजर झाले गावातले निवृत्त गुरुजी. पतपेढीही त्यांच्याच घरची बाहेरची खोली आणि तिजोरी म्हणजे त्यांच्या पत्नीचं, काकूंचं, साड्यांचं कपाट. मला मामांनी क्लॅप द्यायला आणि नंतर लॅपटॉपवर जोडकाम करायला भोरहून बोलावून घेतलं. इंग्रजी शाळेत शिकलेल्या माणसानं क्लॅप दिला की पिक्चरला वजन येतं, असं त्यांचं मत. मी आनंदानं गेले, कारण क्लॅपची लाकडी पाटी उभी धरली की चेहरा बरोबर झाकला जातो.

दरोड्याचा दिवस उजाडला. मी क्लॅप दिला. तोंडाला फडकी बांधलेले तिघे चोर दार ढकलून धाडकन आले, उंबऱ्याशी थांबले, ओळीनं चपला काढल्या आणि आत शिरले.

"आरं, दरोडा घालायला आलायसा, पूजेला न्हाई!" मामा ओरडले.

"मामा, पण काकूंनी आत्ताच फरशी पुसलीया," टेम्पोवाला फडक्याआडून म्हणाला.

"असू दे रे, या तसेच," आतून काकू म्हणाल्या. तो आवाज असा होता की तसं आत येण्याची हिंमत खऱ्या दरोडेखोरालाही झाली नसती.

दुसऱ्या वेळी तिघे चपला घालून, पण चवड्यांवर आले. टेम्पोवाल्यानं लाकडी पिस्तूल गुरुजींवर रोखलं. चौथीत तो गुरुजींच्याच हाताखाली होता. "गुरुजी," तो म्हणाला, "जरा हात वर करता का?"

"करता का काय? दम दे की!"

"गुरुजींना?" त्यानं मामांकडे असं बघितलं की मामाच क्षणभर ओशाळले. तिसऱ्या वेळी त्यानं डोळे मिटून कसंबसं "हात वर!" म्हटलं. गुरुजींनी चष्म्यावरून बघितलं. "मोठ्यानं बोल. चौथीतही असाच पुटपुटायचास." त्याबरोबर टेम्पोवाल्याचाच हात पिस्तुलासकट वर गेला.

दुपारपर्यंत काकूंनी चोरांना दोनदा चहा आणि एकदा चिवडा दिला. अखेर एकदाचं जमलं. दम बसला, गुरुजींचे हात वर गेले, साड्यांचं कपाट उघडलं. मामा श्वास रोखून कॅमेरा जवळ नेत गेले. आणि कॅमेरा जवळ आलेला दिसताच तिघे चोर जागच्या जागी थांबले, फडकी हनुवटीखाली ओढली, त्याच्याकडे बघितलं आणि हसले. गुरुजी टेबलामागून उठून मधोमध येऊन उभे राहिले. काकूही पदर सारखा करत कडेला आल्या.

मी वाट बघत होते, मामा आता ओरडतील म्हणून. त्यांनी कॅमेरा खाली घेतला. मग हळू आवाजात म्हणाले, "ही सवय म्याच लावली."

जत्रा दोन दिवसांवर आली होती. पुन्हा काढायला वेळ नव्हता. "ऱ्हाऊ दे," मामा म्हणाले. "आपले चोर असेच हाईत." मी सगळं तसंच जोडलं, चपलांसकट.

जत्रेच्या संध्याकाळी शाळेच्या पटांगणात पडदा लागला. चोरांनी उंबऱ्याशी चपला काढल्या तेव्हा जो हशा उठला, तो ऐकून पलीकडच्या पाळण्यात बसलेल्यांनीही वरून विचारलं, काय झालं म्हणून. काकू शेजारणीला सांगत होत्या, "मी तर म्हणत होते, या तसेच." दरोडेखोरांचा गुरुजींबरोबरचा फोटो आला तेव्हा लोक डोळे पुसत होते. मामा मात्र पडद्याकडे बघतच नव्हते. पडद्याच्या बाजूला, लोकांकडे तोंड करून ते उभे होते. कॅमेरा हातात होता, पण बंद. एवढी सगळी माणसं हसत होती आणि त्यातलं एकही त्यांच्या सांगण्यावरून हसत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी जो तो पिक्चर मोबाईलवर मागू लागला. टेम्पोवाल्याला पोरं चोर म्हणू लागली आणि तो खुशीत हॉर्न वाजवू लागला. फक्त काम आलं नाही. मुलीचं लग्न ठरलेल्या एका गावकऱ्यानं मला खरं ते सांगून टाकलं: "ताई, लई हसलो बघा. पण लग्नात कसं बोलवायचं त्यांस्नी? मंगलाष्टकात त्यांच्याकडं बघितलं की सगळे फिदीफिदी हसायचे." मामांनी लगीनसराई सरेपर्यंत वाट बघितली. मग कॅमेरा मामींच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून ट्रंकेत ठेवला आणि टोपी घातली.

आता ते गेटवरच्या केबिनमध्ये बसतात. समोरच्या पडद्यावर नऊ चौकटी, नऊ कॅमेरे. अधूनमधून मला फोन करतात. "कॅमेरा लावणाऱ्याला अक्कल न्हाई. नुसती टकलं दिसत्यात," ही पहिली तक्रार. दुसरी तिच्या मागोमाग येते. "नऊ कॅमेरे हाईत गं, पण एकबी माणूस वर बघून हसत न्हाई. खाली मान घालून येत्यात, खाली मान घालून जात्यात."

गेल्या महिन्यात मामींनी दिलेला डबा घेऊन मी त्या गेटवर गेले. पाळी सुटायची आणि भरायची वेळ होती; माझ्यामागे रांग होती. मामांना हाक मारता आली असती. खांबावर, डोक्याच्या बरंच वर, तो कॅमेरा होता, आणि आडोशाला जवळपास दुसरा खांब नव्हता. मी थांबले. वर बघितलं. हसले.

थोड्या वेळानं पिशवीतला मोबाईल वाजला.

"ओढणी सारखी कर," मामा म्हणाले. "हनुवटी वाईच वर. हां. आता पुन्यांदा."

मागची माणसं खोळंबली होती. मी ओढणी सारखी केली आणि पुन्हा वर बघितलं.