पातं पुसायची जागा

इरफानने परत आलेले चाकू माझ्या टेबलावर ओतले, तेव्हा मी जेवणाचा डबा उघडत होते. सगळे घडीचे चाकू, शिंगाच्या मुठीचे. एकेक पातं उघडून पाहिलं. प्रत्येकावर तांबूस ठिपके होते.

"पुण्याच्या दुकानदाराने परत पाठवलेत, मॅडम. फोनवरून ऑर्डर केलेली गिऱ्हाइकं म्हणतात, जुना माल विकला. उरलेला माल त्याने थांबवलाय. आता सांगा, चूक कुणाची? अब्बांच्या पोलादाची की तुमच्या भट्टीची?"

प्रश्न रास्त होता. माझं काम हीट ट्रीटमेंटचं. सोलापूरच्या एमआयडीसीत माझी शेड आहे. लोक सुटे भाग आणून देतात, ते आम्ही तापवून कडक करून देतो. चाकूचं पातं लाल होईपर्यंत तापवायचं आणि तेलात बुडवायचं. त्याने ते कडक होतं, पण काचेसारखं ठिसूळही होतं. म्हणून ते पुन्हा मंद तापवायचं. याला टेम्परिंग म्हणतात. घासून उजळवलेलं पातं मंद आचेवर आधी गव्हाच्या काडीसारखं पिवळं होतं, मग तपकिरी, मग जांभळं, मग निळं. दुधावर साय धरावी तसे हे रंग पात्यावर पसरत जातात. माझ्या भट्टीला डिजिटल कंट्रोलर आहे, त्यामुळे रंग बघायची गरज नसते. तरी मी हातातलं काम टाकून बघत उभी राहते.

इरफानचे वडील, उस्मानचाचा, हे सगळं घरामागच्या कोळशाच्या भट्टीवर नजरेने करत आले. ही ऑर्डर मोठी होती, म्हणून पाती पहिल्यांदाच माझ्याकडे आली होती. आणि पहिल्यांदाच गंजली होती.

मी माझ्या पद्धतीने क्रमाने तपासत गेले. कडकपणा बरोबर होता. पोलाद चाचा नेहमी घेतात तेच. तेल स्वच्छ, पॅकिंग कोरडं. एकेका मुद्द्यावर खूण करत शेवटापर्यंत आले आणि हाती काहीच लागलं नाही.

"मग स्टेनलेस घेऊ या," इरफान म्हणाला.

फरक असा. साध्या कार्बन पोलादाला धार लवकर लागते, पण ओल राहिली की ते गंजतं. स्टेनलेसमध्ये क्रोमियम असतं. त्याचा न दिसणारा पापुद्रा पात्यावर तयार होतो आणि गंज अडवतो. पण बोथट झालं तर ते साध्या दगडाला दाद देत नाही.

दुसऱ्या दिवशी चाचा स्वतः आले. खुर्चीवर बसले नाहीत.

"क्या बेटी, चाकू बनवायचा की चमचा?"

"चाचा, आताचं स्टेनलेस नीट कडक केलं तर धार चांगली टिकते."

"और धार गई तो? आमचं गिऱ्हाईक रस्त्यातला दगड उचलतं, चार हात मारतं, लागलं कामाला."

"अब्बा, तुमचं गिऱ्हाईक आता फोनवर आहे," इरफान म्हणाला.

"फोन पे है तो फोन से ही काट लेने दो पेरू!"

मी हसले. इरफान हसला नाही. चाचा पुढे म्हणाले, "सांगोल्याकडच्या मेंढपाळांकडे माझे चाकू वर्षानुवर्षं आहेत. पाऊस, घाम, सगळं खातात. एक गंजला नाही. माझ्या बापाचा चांद मी स्टेनलेसवर मारणार नाही. नक्को बोले तो नक्को."

चांद म्हणजे पात्यावर ठोकायचा चंद्रकोरीचा शिक्का. चाकू त्या शिक्क्यावर विकला जायचा.

चाचा गेल्यावर इरफान दारात रेंगाळला. "हा माल अडकला तर मी हैदराबादला चाललो, मॅडम. चुलतभावाच्या गोदामात जागा आहे. अब्बांनंतर भट्टी बंद."

त्याच्या आवाजात राग असता तर बरं वाटलं असतं. राग नव्हता.

मेंढपाळांचे चाकू का गंजत नाहीत, हे जागेवर जाऊन बघायचं मी ठरवलं. रविवारी इरफान आणि मी सांगोल्याकडे निघालो. गावं विरळ होत गेली. उन्हात पुढचा रस्ता पाणी सांडल्यासारखा चमकायचा आणि जवळ गेलं की कोरडा व्हायचा. एका माळावर बाभळीखाली मेंढरं एकमेकींच्या सावलीत डोकी खुपसून उभी होती. इतकी स्तब्ध, की कुणीतरी त्यांना तिथं ठेवून विसरून गेलंय असं वाटावं.

कळप म्हाळाप्पांचा होता. चाचांचं जुनं गिऱ्हाईक. ते एका मेंढीचा वाढलेला खूर कापत बसले होते.

"चाकू चाचांचाच ना?" इरफानने विचारलं.

"मग दुसऱ्या कुणाचा? बघ की, चांद हाय."

त्यांनी चाकू माझ्या हातात दिला. शिक्का झिजून अर्धा राहिला होता. पातं काळसर निळं, भरून आलेल्या आभाळासारखं. गंजाचा एक ठिपका नाही.

"याला तेलबिल लावता का?"

"कशाला? भाकरीला तेल मिळना, चाकूला कुटनं आणू?"

चाकू परत घेऊन त्यांनी खुराचा शेवटचा तुकडा उडवला. पातं त्याच मेंढीच्या पाठीवर पुसलं, एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने. मिटवून खिशात टाकलं. लक्षही नव्हतं त्यांचं.

"थांबा, थांबा. आत्ता काय केलंत?"

"कुटं काय केलं?"

"पातं मेंढीला पुसलंत."

"मग काय धोतराला पुसू? घरात घील का बायको?"

मी मेंढीच्या पाठीवर हात ठेवला. लोकर वरून धुळीने खरखरीत होती. बोटं आत गेली आणि उबदार, ओशट झाली. मेंढीच्या लोकरीत नैसर्गिक चरबी असते. ती पाणी आत येऊ देत नाही. पोलादावर तिचा पातळ थर बसला की हवा आणि ओल बाहेरच राहते. हे मला शिकताना कळलं होतं, फक्त पुस्तकातली मेंढी आणि ही मेंढी मी कधी जोडली नव्हती. मी हात तसाच ठेवून उभी राहिले. मेंढीचा श्वास तळव्याखाली वरखाली होत होता. माळावर आवाज नव्हता. किती वेळ गेला सांगता येणार नाही.

"ताई, पायजे असंल तर न्या की एक," म्हाळाप्पा म्हणाले. "पर ही न्हाय, ही लई गुणाची हाय."

संध्याकाळी चाचांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे पोलाद माझं, तेल मेंढीचं."

"पुण्याच्या गिऱ्हाइकाकडे मेंढी नाही, चाचा. ते पेरू कापणार आणि तसाच ड्रॉवरमध्ये टाकणार."

"स्टेनलेस माझ्या भट्टीत होतं?"

त्यांचं खरं दुखणं हे होतं. स्टेनलेसला फार मोठी आणि नेमकी आच लागते. कोळशावर, नजरेच्या अंदाजाने ते जमत नाही.

"नाही होत. खोटं कशाला सांगू?"

"तो फिर चांद भी नहीं." त्यांनी इरफानकडे पाहिलं. "तू बनव. तुझा चाकू, तुझा शिक्का. माझा नको मागू."

इरफान उठून बाहेर गेला. मला वाटलं, संपलं. पण पुढच्या आठवड्यात तो स्टेनलेसची पाती घेऊन माझ्या शेडवर आला. पात्यांवर एक छोटी चांदणी ठोकलेली होती, जरा तिरकीच. पुण्याच्या दुकानदाराने ते चाकू घेतले, पुन्हा मागवलेही. हैदराबादचा विषय निघाला नाही. परत आलेले चाकू चाचांनी घासून उजळवले आणि सांगोल्याच्या बाजारात जिथं मेंढरं विकतात, तिथं नेऊन बसले. दुपारपर्यंत टोपली रिकामी झाली. कार्बनची पाती आता पुन्हा त्यांच्याच भट्टीत तापतात.

हल्ली चाकूचं कुणी विचारलं तर पोलादाचं बोलण्याआधी मी विचारते, पातं कशाला पुसणार? बहुतेक जण म्हणतात, पुसायचं कशाला? त्यांना मी स्टेनलेस सांगते.