गार हात

मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस. गाण्यातलं मला काही कळत नाही. बायको बारामतीच्या गाण्याच्या मंडळीत गायची. दर रविवारी मी तिला कऱ्हाटीवरून गाडीवर न्यायचो आणि तालीम संपेपर्यंत बाहेर पायरीवर तंबाखू मळत बसायचो. माझा गाण्याशी संबंध एवढाच.

त्या मंडळीत कुणालाही घेतात. भाजी विकणारी बाई आहे, चाकाच्या खुर्चीत बसून गाणारा एसटीचा कंडक्टर आहे. पेटीवर कापडदुकानवाले चाचा. आणि इंदापूरची एक बाई आहे, तिला जन्मापासून दिसत नाही. चाचांनी मान हलवली की गाणं उचलायचं. पण तिला मान कशी दिसणार? म्हणून शेजारच्यानं तिचा हात धरायचा आणि मान हलली की दाबायचा. पहिली ओळ ती एकटी उचलते, मागून सगळे. हात दाबायचं काम माझ्या बायकोचं होतं.

श्रावणात बायको गेली. दवाखान्यात तिचा हात माझ्या हातात होता. तो गार पडत गेला. मी दाबला, परत दाबला. तिकडून काही आलं नाही. तेव्हापासून मी कुणाचा हात धरला नाही. पाव्हण्यांनाही लांबूनच नमस्कार.

दिवाळीत चाचा घरी आले. दुखाचं घर, त्यामुळं ना कंदील, ना फराळ. त्यांनीच डबाभर चिवडा आणला होता.

“पाडव्याला पहाटे कार्यक्रम हाय, आबा. इंदापूरची म्हणती, मावशीच्या जागी आबाच पायजेत.”

“मला गाता येत न्हाय.”

“गायला कोण सांगतंय? तुमी गायला लागला तर लोकं उठून जातील. नुसता हात दाबा.”

मी बघतो म्हणालो. आतून भावजय बोललीच, “वरीस फिरलं न्हाय, अन् हे निघाले गाण्याला.”

तिच्या बोलण्याचं मला भ्या नव्हतं. भ्या हाताचं होतं.

तरी तालमीला गेलो, पण इंदापूरच्या बाईचं नुसतं कोपर धरलं. ती हसली, “आबा, कोपराला काय कळतंय? हात द्या.” म्हटलं, कार्यक्रमाला देतो.

पाडव्याला हॉल भरला होता. पडदा उघडला. तिनं हात पुढं केला. घ्यावाच लागला. बर्फासारखा गार. एवढ्या थंडीत इंदापूरवरून भावाच्या गाडीवर मागं बसून आलेली ती, हात गारच असणार. पण तेव्हा हे सुचायला डोकं जाग्यावर नव्हतं. समोरची माणसं दिसेनात. दवाखान्यातली खाट दिसायला लागली. वाटलं, हा हातपण गेला. चाचांची मान हलायची होती अजून. मी हात दाबला. जीव खाऊन दाबला.

आणि ती गायला लागली.

पेटी नाही, तबला नाही. भरल्या हॉलात तिचा एकटीचा आवाज. चाचा दचकले, घाईघाईनं तिचा सूर पेटीवर शोधायला लागले. मागची मंडळी कुणी आधी, कुणी नंतर, तर कंडक्टर एक ओळ उशिरा आला. बायकोनं इतकी वर्षं सांभाळलेलं मी एका दमात बुडवलं. समोर लोक मात्र गप ऐकत होते. त्यांना वाटलं असंल, हे गाणं असंच असतं.

टाळ्या पडल्या. तिचा हात आता ऊन लागत होता. सोडावा म्हटलं तर बोटं उघडेनात. सोडला आणि परत गार पडला तर?

ती हळूच म्हणाली, “आबा, लई लवकर दाबलात.”

“चुकलं.”

“असू द्या. पण सोडू नका. अजून गाणी हायत.”

चाचांनी माझ्याकडं डोळे वटारले. मग मान हलवली, पार हनुवटी छातीला लागेस्तोवर.

मी दाबला.