तळमजल्यावरचे क्वार्क

आमच्या वसईच्या ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवणारी इनेझ घोन्साल्विस पीएच.डी. करत होती, हे स्टाफरूममध्ये सगळ्यांना माहीत होतं आणि निम्म्यांना खुपत होतं. मी मराठीची. मला खुपत नव्हतं, पण समजतही नव्हतं. "चुंबकाजवळ नेलं की मेसॉन नावाच्या कणाचं वस्तुमान बदलतं का, एवढंच शोधतेय," असं ती सांगायची. एवढंच! आणि चुंबक तरी कसलं, काही मेलेल्या ताऱ्यांत असतं त्याहूनही जोरकस. असल्या चुंबकापायी पाचूबंदरच्या कोळणीच्या हुशार लेकीने आठ वर्षं घालवावीत, याचा मला आधी रागच यायचा.

२००४च्या मार्चअखेर तिच्या नोंदणीची मुदत संपत होती. थिसिस तोवर गेला नाही तर आठही वर्षं पाण्यात. आणि तो अडला होता, कारण तिचं उत्तर तिचे गाईड डॉ. शत्रुघ्न केळुसकर यांच्या उत्तराशी जुळत नव्हतं. लोडशेडिंगच्या कृपेने तिने सगळं गणित हाताने केलेलं. तिचं म्हणणं असं, की तटस्थ पायॉन या मेसॉनवर बाहेरून विद्युतभार नसला तरी त्याच्या आतले क्वार्क नावाचे कण भारित असतात. चुंबक त्यांना धरतं आणि पायॉन हलका होतो. सरांचा कॉम्प्युटर प्रोग्रॅम म्हणे, जड होतो. बारा वर्षं त्या प्रोग्रॅमवर पोरं डॉक्टर होत आलेली. सरांनी फर्मावलं, "वही तपासा. चूक तुमचीच असणार."

बारावीचे पेपर तपासायचे दिवस होते, लाल पेन हातात होतंच. बोर्डाच्या नियमाने अंतिम उत्तर चुकलं तरी प्रत्येक पायरीचे मार्क द्यावे लागतात. या बाईने स्वतःच्याच वहीला तसे मार्क दिले. तीनशे बारा पानं, समासात लाल अर्धा, एक, पुन्हा अर्धा.

"वसुंधराताई, पैकीच्या पैकी पडलेत," ती रडवेली होऊन म्हणाली. एखादी चूक सापडली असती तर ती सुटली असती बिचारी!

मी भडकले. "मग सरांचा पेपर कोण तपासणार? त्यांना काय ग्रेस मार्क आहेत?"

गाईडच्या कामाला लाल शाई लावायची म्हणजे फादरांचंच कन्फेशन ऐकायला बसल्यासारखं तिला वाटलं. तरी तिने प्रोग्रॅमचे कागद काढले आणि पायरीपायरीने निघाली. तिसऱ्या पानावर पेन थांबलं.

मग तिने मला मनवेलपाड्याच्या माझ्या बिल्डिंगवरून समजावलं. "चुंबकात क्वार्कना ठरावीक मजल्यांवरच राहता येतं, अधेमधे नाही. चुंबक जितकं जोरदार, तितकी गर्दी तळमजल्यावर. तो शून्य नंबरचा. आणि सरांनी मजले एकपासून मोजलेत!"

"म्हणजे जिथे सगळी बिऱ्हाडं, तोच मजला विसरले?"

"तोच!" म्हणून ती स्टाफरूममध्ये चक्क टाळ्या पिटायला लागली.

लाल खूण केलेलं ते पान तिने धीर करून केळुसकरांपुढे ठेवलं. त्यांनी तळमजला धरून प्रोग्रॅम पुन्हा चालवला. पडद्यावरची चढती रेघ खाली आली. अर्धा तास त्यांनी आकडे तिच्या वहीशी ताडून पाहिले, मग म्हणाले, "थिसिस बांधायला टाका." मुदतीला दोन दिवस उरले होते.

सप्टेंबरात तोंडी परीक्षा झाली. इनेझची आई मॅग्डलीन मासळीचा धंदा बंद ठेवून, केसांत फुलं माळून, सोबत दहा कोळणी घेऊन विद्यापीठात आली आणि मागच्या रांगेत बसली. मीही त्यांच्यातच बसले. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी नेमकं विचारलं, "तुमच्याच गाईडचे जुने पेपर याच्या उलट सांगतात. खरं कोणाचं?"

इनेझ पांढरीफटक पडली. भर सभेत गुरूला खोटं पाडायचं कसं? पण न बोलावं तर थिसिस जातो. ती तोंड उघडणार तेवढ्यात केळुसकर उभे राहिले.

"खरं तिचं. चूक माझी आहे, बारा वर्षांची. तिने पकडली."

इतक्या वर्षांत असा मोठा माणूस मी पाहिला नव्हता. मॅग्डलीनला मात्र धीर नव्हता. ती मागून उठून उभी राहिली.

"सायेब, कोनाचं काय चुकलं ते ऱ्हाऊ द्या. माझी पोर डॉक्टर झाली का नाय, तेवढं सांगा!"

परीक्षक हसले. "झाली, बाई."

त्यावर त्या अकराजणींनी जो कल्ला केला, त्याने शेजारच्या वर्गातला तास बंद पडला. त्या कल्ल्यात मीही होते, आणि सगळ्यांत मोठा आवाज माझा होता.