उतरू का, असं त्यानं विचारलं होतं

आमच्याकडे घाटकोपरच्या डोंगरावर पाणी सकाळी सहाला येतं, अर्धा तासच येतं, म्हणून फोन वाजला तेव्हा मी उचललाच नाही, ड्रममध्ये पाइप धरून उभी होते. तीनदा वाजला. चौथ्यांदा उचलला तर टूरचे मॅनेजर होते, म्हणाले, वहिनी, घरात मोठं कोण असेल त्यांना द्या. तिथंच कळलं मला... तरी म्हटलं, मीच आहे मोठी, बोला. मी सव्वीस वर्षांची आहे. ते म्हणाले रूपेश पहाटे गेला, वर स्पितीमध्ये, छातीत पाणी झालं. मी पाइप सोडला नाही. ड्रम भरून वाहायला लागला, शेजारची ओरडली, अगं पाणी वाया चाललंय, तरी सोडला नाही.

रूपेश माझा नवरा. टूरवर जेवण बनवायचा. आपली रिटायर्ड माणसं, मुलुंडची, बोरिवलीची, हिमालयात जातात पण त्यांना वरण-भात लागतोच ना, तर कंपनी इथून आचारी नेते, कुकर नेते, कोकमसुद्धा नेते. पाच वर्षं तो जात होता. घरी आला की दोन-दोन दिवस तेच बोलायचा, आरोहीला, म्हणजे आमच्या मुलीला, मांडीवर घेऊन. तिकडे झाड नाही, गवत नाही, नुसते डोंगर, तपकिरी, मधेच जांभळे, आणि खाली नदी दोऱ्याएवढी. एक मठ आहे, टेकडीवर घरावर घर चढवलेलं, म्हणायचा आपली वस्तीच आहे बघ, फक्त पांढरी, आणि भांडणं नाहीत. दुसरा एक मठ मातीचा, हजार वर्षांचा, बाहेरून गोठा वाटतो, आत अंधारात भिंतभर चित्रं, टॉर्च मारून बघायची. रस्त्यात दगडांच्या लांब भिंती, प्रत्येक दगडावर प्रार्थना कोरलेली, त्या नेहमी उजव्या हाताला ठेवून जायचं, सामानाची गाडीसुद्धा तशीच वळवून नेतात. आणि एका गावात डोंगरात शंख सापडतात, दगड झालेले. तिथून मला फोन केला होता, म्हणे इथे समुद्र होता गं, आपण उगाच कोकणचे म्हणून मिरवतो.

तिथली एक रीत त्यानं आईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, सांगितली होती. मोठ्या मुलाचं लग्न झालं की म्हातारे आईबाप मोठं घर त्याला देऊन बाजूच्या छोट्या घरात जातात. "तर आई, तुझं सामान कधी बांधू?" आई तांदूळ निवडत होत्या, मानसुद्धा वर केली नाही. "माका खंय धाडतलंस रे? हयसर एकच खोली आसा. तूच जा पोटमाळ्यावर." आम्ही किती हसलो होतो.

आणि हेही त्यानंच सांगितलं होतं, की तिकडे हवा पातळ असते, दम लागला, खोकला लागला की औषध एकच, खाली उतरायचं. दोन वर्षांमागे टूरवरच्या एका काकांना तो स्वतः जीपमधून खाली घेऊन गेला होता, रात्रभर छाती घरघरत असलेला माणूस खाली आला आणि चहा मागायला लागला. म्हणजे मला माहीत होतं. मला माहीत नव्हतं असं नाही.

या वेळी तो सामानाच्या गाडीबरोबर मनालीच्या बाजूनं थेट वर गेला, दरवर्षी हवेची सवय करत हळूहळू जायचा तसं नाही. पहिल्यांदाच मुख्य आचारी म्हणून गेला होता. त्या पहाटेच्या आदल्या संध्याकाळी मी दिवा लावत होते तेव्हा त्याचा फोन आला, ते राहिले होते तिथं गच्चीच्या एकाच कोपऱ्यात रेंज येते. आई खाली दुकानात गेल्या होत्या. म्हणाला, आडवा झालो की दम लागतो, छातीत घरघरतंय, उतरू का गं? मी घाबरले. पण कशाला घाबरले ते सांगते... गेल्या वर्षी आरोहीला डेंग्यू झाला तेव्हा मी रडून रडून त्याला अर्ध्या टूरवरून बोलावलं होतं, आणि मालक म्हणाले होते, परत असं केलंस तर येऊ नको. मला तेच आठवलं. मी म्हटलं, "सर्दी असेल, ओव्याची धुरी घे आणि झोप. दोनच दिवस राहिलेत ना, काढ ना." मग म्हणाला, "बरं, तू म्हणतेस तर."

तेरावं झाल्यावर मुलुंडच्या साठे काकू आल्या, त्या टूरवर होत्या. त्याची बॅग घेऊन आल्या, फोन, मोजे, आरोहीसाठी घेतलेली लोकरीची टोपी. म्हणाल्या, शेवटच्या दिवशीही त्यानं आम्हाला गरम कोकम सार दिलं, आम्ही सगळे म्हणालो तू खाली जा बाबा, आमचं आम्ही बघू... तर म्हणाला, घरी विचारून सांगतो. आई माझ्याकडे वळल्या. "त्येचो फोन इल्लो तुका?" मी म्हटलं, नाही आई, लागला नाही.

एवढंच बोलले मी. काकू गेल्या.

तेव्हापासून जो येतो त्याला आई सांगतात. गावचे येतात, वस्तीतले येतात, त्याचे मित्र येतात. "फोनच लागाक नाय. लागलो असतो तर हिना त्येका तेवाच खाली उतरवल्यान असता. हिका सगळा समाजता." असं म्हणून माझ्या पाठीवरून हात फिरवतात, सगळ्यांच्या समोर. मी मान खाली घालून चहा ओतते. परवा म्हणाल्या, तू आसस म्हणान मी उभी आसंय गो. त्यांचा एकच मुलगा होता. माझं हे ऐकल्यावर त्या कोणाच्या आधारानं उभ्या राहतील, आणि आरोहीला घेऊन मी कुठे जाईन... हाच विचार करते आणि मलाच दम लागतो, भांडी घासताना मधेच बसावं लागतं.

त्याचा फोन फळीवर असतो, रोज चार्ज करते. आरोहीला त्यातले डोंगर बघायचे असतात, पप्पा कुठल्या घरात आहे ते शोधते, प्रत्येक पांढऱ्या खिडकीवर बोट ठेवते. ती खेळायला गेली की मी कॉलची यादी उघडते. सगळ्यात वर माझं नाव आहे, पुढे सात मिनिटं. आईंना वाचता येत नाही. ते पुसलं की कोणालाच कधी कळणार नाही. दोनदा बोट ठेवलं मी त्याच्यावर. पण त्या सात मिनिटांत तो आहे ना, गच्चीच्या कोपऱ्यात उभा, मला विचारतोय...

हे मी सांगतेय ते छापून येणार आहे, आणि आलं की वस्तीत कोणीतरी आईंना वाचून दाखवणारच. त्याच्या आधी मी सांगेन म्हणते, रोज म्हणते. आज सकाळी त्यांच्यासमोर जाऊन बसलेसुद्धा. त्या म्हणाल्या, जेवलंस काय गो? मी हो म्हटलं, आणि उठून त्याचा फोन चार्जिंगला लावला.