हुसेनचाचांनी भातात मोकळी ठेवलेली पट्टी

चाचांच्या पट्टीत टिलर मीच घातला.

गावात कोणी दुसऱ्याचं नाव घेत असेल तर घेऊ नका. मीच होतो.

हुसेनचाचांना जाऊन चाळीस दिवस झाले, आज त्यांचा चाळिसावा. मला लिहायची सवय नाही. बोलायची तर त्याहून नाही. पण आज लिहितो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्या क्लबचं ग्राउंड म्हणजे चाचांचं भातशेत. भात कापून झालं की आम्ही खेळतो. पावसात तिथे परत भात.

फक्त मधली पिचची पट्टी चाचा कधीच लावायचे नाहीत. चारी बाजूंनी बांध घालून मोकळी सोडायचे.
कारण पिच एकदा नांगरली की माती पोकळ होते. मग दोन-दोन वर्षं बॉल उसळत नाही.

म्हसळ्याला जाणाऱ्या एसटीतून लोक बघायचे आणि हसायचे. हिरव्यागार शेतात मधेच टक्कल.
चाचा म्हणायचे, "हसू दे. जानेवारीत हरायला हितंच येतात."

ऑफ सीझनला आम्ही सगळे पांगतो. कोणी मुंबईला कामाला, कोणी आपापल्या शेतात. मी नववीनंतर शाळा सोडली तेव्हापासून शेतं नांगरायला काकांचा पॉवर टिलर चालवतो.
चाचा एकटेच डोक्यावर प्लास्टिकची खोळ घेऊन पट्टीवरचं गवत उपटत बसायचे.

मी विकेटकीपर आहे. पण अपील करायला लाजतो.
चाचा बांधावरून ओरडायचे, "आरं, तोंडात मीठ धरलंस काय? मागितल्याबिगर अंपायर काय घरी आनून देनार?"

चाचा गेले तेव्हा रोपं नुकती वर आली होती.

आठ-दहा दिवसांनी क्लबची मीटिंग झाली. कॅप्टन महेशदादा बोलला, "चाचा होते तोवर ठीक होतं. आता चाचीवर आपला भार नको. मुलगा कुवेतला, त्याला कशाला त्रास? यंदा पट्टीसकट सगळं शेत आपण लावून देऊ. हीच चाचांना श्रद्धांजली."

"मग खेळायचं कुठे?" कोणीतरी विचारलं.

"बघू."

मग सगळे हो बोलले.

मला पटलं नव्हतं. पण मान मी पण हलवली.

चाचीला कोणीच विचारलं नाही. ती इद्दतीत होती. नवरा गेल्यावर चार महिने दहा दिवस घरातच राहायचं, बाहेरच्या पुरुषासमोर यायचं नाही. मग जाऊन विचारायचं कसं, असंच सगळ्यांना वाटलं.

लावणीआधीच्या चिखलणीला मी टिलर आणला. आजूबाजूचं सगळं झालं. पट्टी राहिली.
महेशदादा बांधावर उभा होता. बोलला, "घाल रे."

मी घातला.

माती अशी निघाली की टिलर हातात नाचायला लागला. इतकी घट्ट.

तेवढ्यात कसला तरी आवाज. टिलर बंद केला तेव्हा कळलं. चाचीच्या घराची मागची खिडकी शेतावर उघडते. खिडकीला पडदा. पडद्यातून फक्त हात बाहेर. हातात ताट, आणि त्यावर उलथण्याने ठण ठण ठण.

"कोन हाय तो?"

"मी, चाची. निखिल."

"निखिल? किपर? कोनी सांगितलं तुला पट्टीत घालायला?"

मी महेशदादाकडे बघितलं. तो स्वतःच्या पायांकडे बघत होता.

"तुमच्यावर भार नको म्हणून..."

"भार?"

मग चाची जी सुटली.

"माझे सासरे जहाजावर खलाशी होते. इंग्रजांच्या वक्ताला. तीस-बत्तीस साल असंल. सुट्टीला आले ते मुंबईवरनं बॅट घेऊनच आले. ही पट्टी त्यांनी सोडली. घरात भात पुरत न्हवतं, सासू नाचनीवर राहिली, पन हितं एक रोप लावलं न्हाय. मी लगीन होऊन आले तवा सासू बोलली, बाकी सगळं शेत तुझं, ही पट्टी पोरांची. आनि तू मला भार सांगतोस?"

महेशदादा हळूच बोलला, "चुकलं, चाची."

"विचारायचं होतं! इद्दतीत बाई भायेर येत न्हाय, म्हनून काय मुकी होते?"

आम्हाला हसू येत होतं आणि रडू पण.

"किती गेली?" चाचीने विचारलं.

"एका टोकाची. पाच-सहा पावलं."

"मंग उभे काय ऱ्हायलात? पानी काढा. माती परत बसवा, पायानं तुडवा. पडवीत त्यांची ताडपत्री हाय, ती वरनं घाला."

आम्ही दोघांनी संध्याकाळपर्यंत तुडवली. मग बाकीची पोरं पण आली.
महेशदादा सारखा बोलत होता, "हे टोक दोन वर्षं बसणार नाही. सीझन गेला आपला."

आणि मी बोललो. क्लबच्या सगळ्यांसमोर. आवाज कुठून आला माहीत नाही.

"या टोकाकडून फक्त बॉलिंग टाकू. बॅटिंग त्या चांगल्या टोकाला, टप्पा तिकडेच पडतो. सगळ्या ओव्हर एकाच बाजूने."

महेशदादा चांगल्या टोकाला जाऊन टाचेने माती दाबून बघायला लागला.

पडद्यामागून आवाज आला, "बगा. एकाला तरी अक्कल हाय."

परवा लावणी संपली. क्लबच्या पोरांनीच लावली, पट्टी सोडून.
काल एसटी गेली. खिडकीतून दोघं-तिघं हसली. मी हात केला.

ताडपत्रीखाली माती बसतेय. कापणी झाली की चाचीला विचारून तारीख ठरवू. यंदा खेळणार, नक्की.

हुसेनचाचा, जास्त काही बोलता येत नाही.
गवत आता आम्ही उपटतो. वार लावून. आज माझा आहे.

तुम्ही आराम करा. क्लबच्या सगळ्या पोरांचा तुम्हाला सलाम.